वस्तू सांगितली तशी निघाली नाही आणि सेलर पैसे देत नाही? क्रेडिट कार्डावरून रिफंड मिळवायची पूर्ण पद्धत

पाठीच्या दुखण्यामुळे मी एक खुर्ची ऑनलाइन मागवली होती. डॉक्टरांनी कंबरेला नीट आधार हवा असं सांगितलेलं म्हणून चार ठिकाणी बघून मग घेतलेली, आणि पानावर स्पष्ट लिहिलं होतं की कंबरेचा आधार वर-खाली करता येतो, हात टेकायच्या दांड्यांची उंची बदलता येते आणि खुर्ची १२० किलोपर्यंत वजन पेलते. आली ती दिसायला अगदी फोटोसारखीच, पण कंबरेचा आधार पाठीला पक्का शिवलेला आणि दांड्या काही केल्या हलेनात. सेलर आधी म्हणाला वापरून बघा सवय होईल, मग बदलून देतो म्हणाला, मग आठ दिवस गप्प, आणि शेवटी म्हणे रिटर्नची मुदत संपली. मी चिडून बँकेत तक्रार टाकली, त्यात लिहिलं की खुर्ची अजिबात चांगली नाही, क्वालिटी बेकार आहे, पाठ उलट जास्त दुखायला लागली, माझी सरळ फसवणूक झालीय. तीन आठवड्यांनी तक्रार बंद, पुरेसा पुरावा नाही म्हणून. त्या रात्री खुर्ची उलटी करून बघितली तर गादीच्या खाली एक छोटं पांढरं स्टिकर होतं आणि त्यावर छापलेलं, कमाल वजन ९० किलो. पानाचा स्क्रीनशॉट आणि त्या स्टिकरचा फोटो शेजारी शेजारी लावला, तीच तक्रार परत उघडायला लावली, आणि पैसे परत आले.

खुर्ची तीच, सेलर तोच, बँक तीच. पहिल्या तक्रारीत माझा त्रास लिहिला होता आणि दुसरीत दोन छापलेले आकडे होते, एवढाच काय तो फरक. हा सगळा लेख त्या एका फरकाबद्दल आहे कारण बरेच जण खरे असूनही इथेच हरतात आणि मग म्हणतात की कार्डावरून पैसे परत मिळतच नाहीत. मिळतात. फक्त काय मागायचं, कधी मागायचं आणि कसं लिहायचं ते कळायला पाहिजे.

आधी आतून हे चालतं कसं ते बघू

क्रेडिट कार्डाने पैसे दिले की ते थेट दुकानदाराकडे जात नाहीत. तुमची बँक असते, दुकानदाराचीही एक बँक असते, आणि मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे असं एखादं नेटवर्क. अमेरिकन एक्सप्रेसचं थोडं वेगळं, तिथे बऱ्याचदा कार्ड देणारी कंपनी आणि नेटवर्क एकच असतं. व्यवहारात गडबड झाली तर तुमची बँक नेटवर्कच्या नियमांनुसार दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम मागे खेचू शकते, त्यालाच चार्जबॅक म्हणतात. बँक तुमच्यावर दया करून स्वतःच्या खिशातून देत नसते, ती तुमच्या वतीने दुसऱ्या बँकेशी भांडत असते आणि ते भांडण ठरलेल्या कारणांच्या यादीतूनच लढावं लागतं. प्रत्येक कारणाला एक नंबर, आणि प्रत्येक नंबरला कुठला पुरावा लागतो ते आधीच ठरलेलं.

म्हणून तुमची गोष्ट त्यातल्या कुठल्या कारणात बसते हे तुम्हीच आधी ओळखा, कारण समोर फोनवर बसलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो आणि तो जो पर्याय पहिला दिसेल तो निवडून मोकळा होतो.

तुमची तक्रार नक्की कुठली?

"वस्तू मला चालणारी नाही" हे आपण एका वाक्यात बोलतो पण त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली म्हणजे वस्तू वर्णनाप्रमाणे नाही किंवा तुटकी, बिघडलेली आली. व्हिसामध्ये याचं कारण १३.३, मास्टरकार्डात हे ४८५३ या मोठ्या कारणाखाली येतं. रंग वेगळा, माप वेगळं, मटेरियल वेगळं, लिहिलेलं फीचरच नाही, नवीन म्हणून जुनी दिली, हे सगळं यात. आपल्यापैकी बहुतेकांची केस हीच असते.

दुसरी, वस्तू नकली निघाली. व्हिसाचं १३.४. इथे नुसतं मला नकली वाटतंय म्हणून भागत नाही, मूळ ब्रँडकडून किंवा तटस्थ जाणकाराकडून तसं लेखी लागतं. पण ते मिळालं तर केस फार मजबूत होते.

तिसरी, सेलरने रिफंड कबूल केला पण पैसे आलेच नाहीत. व्हिसाचं १३.६. ही मला सगळ्यात सोपी केस वाटते, कारण वस्तू चांगली की वाईट हा वादच उरत नाही, सेलरचा कबुलीचा ईमेल पुरतो. तुमच्याकडे असा ईमेल असेल तर कृपा करून वर्णनाच्या वादात शिरू नका, सरळ हे कारण धरा.

चौथी, तुम्ही वस्तू परत केली किंवा ऑर्डर रद्द केली आणि सेलर म्हणतो आमच्याकडे परत घेत नाहीत. व्हिसाचं १३.७. इथे प्रश्न असा असतो की ही अट त्याने पैसे घेताना तुम्हाला नीट दाखवली होती का. पैसे भरायच्या पानावर ती दिसत होती, तुम्ही तिच्यावर टिक केली होती, तर तो जिंकतो. कुठेतरी कोपऱ्यात दडलेली होती किंवा पावतीसोबत नंतर आली, तर तुमची बाजू वर.

आणि राहिली शेवटची, वस्तू अगदी सांगितली तशीच आहे पण तुम्हाला आवडली नाही, साइज चुकला, घरात शोभत नाही. याला चार्जबॅक नाही. इथे सेलरची रिटर्न पॉलिसी आणि तुमच्या देशाचा कायदा एवढंच कामाला येतं. हे मी मनापासून सांगते की या केसला ओढून ताणून पहिल्या कारणात बसवू नका, सेलर उत्तरात वर्णनाचं पान पाठवतो, तुमची केस पडते आणि पुढच्या वेळी खरी तक्रार असताना तुमच्याकडे शंकेने बघितलं जातं.

एक मधली जागा मात्र आहे. तुम्ही घेण्याआधी सेलरला विचारलं असेल की हे अमुक कामासाठी चालेल का, आणि त्याने चॅटवर लिहून दिलं असेल की हो चालेल, तर ते उत्तरही वर्णनाचाच भाग झालं. माझ्या बहिणीने प्रिंटरची शाई मागवताना मॉडेल नंबर टाकून विचारलं होतं, हो बसेल असं उत्तर आलं, बसली नाही. त्या एका ओळीच्या चॅटवर तिचे पैसे परत आले. तेव्हापासून आम्ही दोघी काहीही घ्यायच्या आधी लिहूनच विचारतो, फोनवर विचारतच नाही.

दिवस मोजा, आजपासून

नेटवर्कची मुदत साधारण १२० दिवसांची असते आणि वस्तूच्या तक्रारीत ती बहुतेक वेळा वस्तू हातात आल्यापासून मोजतात. पण ही मुदत बँकेने चार्जबॅक टाकण्याची आहे, तुम्ही विचार करत बसण्याची नाही. बँक स्वतःच्या सोयीने ग्राहकाला कमी दिवस देते, कुणी स्टेटमेंटपासून ६० दिवस म्हणतं, कुणी त्याहून कमी. कार्डाच्या नियमपुस्तिकेत डिस्प्युट, म्हणजे व्यवहाराबद्दलची तक्रार, हा शब्द शोधा, तिथे लिहिलेलं असतं.

वर आणखी एक भानगड. वस्तू परत केल्यावर किंवा परत करायचा प्रयत्न केल्यावर बँकेला व्हिसाच्या नियमाप्रमाणे १५ दिवस थांबावं लागतं, सेलरला पैसे द्यायची संधी म्हणून. म्हणजे तुम्ही शंभराव्या दिवशी जागे झालात तर हातात काहीच उरत नाही. सेलरला हे दिवस पाठ असतात. आज बघतो, उद्या सीनियरशी बोलतो, दुसरा पीस पाठवतो, तो पीस परत तसाच, मग परत पहिल्यापासून सुरू. यात तीन महिने कसे जातात कळत नाही. मी माझ्यापुरता नियम केलाय, सेलरशी बोलणी जास्तीत जास्त ३० दिवस, एकतिसाव्या दिवशी बँक.

पार्सल उघडताना

मोठी किंवा महाग वस्तू असेल तर पार्सल उघडताना फोनवर व्हिडिओ करा, सुरुवात लेबलपासून, लेबलवरचा ऑर्डर नंबर वाचता येईल इतक्या जवळून. मध्ये कट नको. खोका, आतला थर्माकोल, टॅग, बिल, सगळं ठेवा. गडबड दिसली की वापरणं तिथेच थांबवा, कारण तुम्ही वस्तू महिनाभर वापरली आणि मग म्हणालात की चालत नाही, तर सेलर पहिला मुद्दा तोच काढतो. मीसुद्धा खुर्ची वापरत राहिले होते, दुसरी नव्हती म्हणून, आणि पहिल्या उत्तरात त्याने तेच लिहिलं.

मग लगेच प्रॉडक्टच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या. वरपासून खालपर्यंत, तारीख आणि पत्ता दिसेल असे, स्पेसिफिकेशनचा तक्ता वेगळा, फोटो वेगळे, रिटर्न पॉलिसीचं पान वेगळं. उद्या घेऊ म्हणू नका, तक्रार गेली की काही सेलर पानच बदलतात किंवा काढून टाकतात. काढलं असेल तरी हात टेकू नका, ऑर्डर कन्फर्मेशनच्या ईमेलमध्ये बरंच वर्णन असतं, आणि वेबॅक मशीन म्हणून जी साइट आहे तिथे पानाची जुनी प्रत कधी कधी सापडते.

वस्तू उलटीपालटी करून बघा. खालचं स्टिकर, आतलं लेबल, मॅन्युअलमधला तक्ता, खोक्यावर छापलेला मॉडेल नंबर. कपडा असेल तर आतल्या शिवणीतलं लेबल, पानावर शंभर टक्के कॉटन आणि लेबलवर पॉलिएस्टर असं सर्रास सापडतं. बॅटरी असेल तर तिच्यावर छापलेली क्षमता. मोजता येण्यासारखं काही असेल तर टेप लावून, वजनकाट्यावर ठेवून फोटो काढा. तुमचं मत खोडता येतं पण कंपनीनेच छापलेलं लेबल कसं खोडणार.

सेलरला लिहायचं कसं

फोनवर बोललात तरी नंतर त्याच गोष्टीचा ईमेल टाका. ईमेल लहान हवा, त्यात चार गोष्टी पाहिजेत: ऑर्डर, फरक, मागणी, तारीख. मी साधारण असं लिहिते,

"ऑर्डर क्रमांक अमुक, अमुक तारखेला मिळाली. आपल्या पानावर १२० किलो क्षमता आणि वर-खाली होणारा कंबरेचा आधार असं लिहिलं आहे. मिळालेल्या खुर्चीवर ९० किलो छापलेलं आहे आणि आधार हलत नाही, फोटो सोबत आहेत. मला बदली नको, पूर्ण रिफंड हवा. वस्तू मूळ पॅकिंगसह परत द्यायला तयार आहे, आपण उचलून न्यावी किंवा परतीचा पत्ता कळवावा. अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास कार्डाच्या बँकेकडे डिस्प्युट दाखल करेन."

यातलं "परत द्यायला तयार आहे, उचलून न्यावी" हे वाक्य काही झालं तरी गाळू नका. व्हिसात वस्तू परत केली किंवा परत करायचा प्रयत्न केला हे दाखवावं लागतं, मास्टरकार्डात वस्तू परत केली किंवा ती न्यायला उपलब्ध आहे असं सेलरला कळवलं हे दाखवावं लागतं. कित्येकांच्या चांगल्या केसेस या एका वाक्याअभावी पडतात, त्यांनी सेलरला शिव्या घातलेल्या असतात पण घेऊन जा असं कुठे लिहिलेलंच नसतं.

परत पाठवायची झाली तर ट्रॅकिंग असलेल्या कुरियरनेच पाठवा, सेलरने लेखी दिलेल्या पत्त्यावरच पाठवा, पावती आणि पोचल्याचं स्टेटस दोन्ही सेव्ह करा. पार्सल बंद करण्याआधी आतल्या वस्तूचा फोटो काढा, नंतर रिकामा खोका आला म्हणणारे भेटतात.

उत्तरात सेलर बऱ्याचदा एक गळ टाकतो, वस्तू ठेवून घ्या आम्ही वीस टक्के परत करतो, नको म्हणालात की तीस, मग चाळीस. वस्तू खरंच चालण्यासारखी असेल तर घ्या, त्यात काही वाईट नाही. पण पूर्ण पैसे हवे असतील तर एकदाही हो म्हणू नका, कारण तो हो सेलर बँकेला दाखवतो आणि वाद मिटला असं समजलं जातं. स्टोअर क्रेडिट, कूपन, पुढच्या खरेदीवर सूट यांचंही तसंच.

आणि रिफंड टाकलाय, सात दिवसांत दिसेल असं म्हणाला तर त्याच्याकडे एआरएन मागा. एआरएन म्हणजे कार्डाच्या रिफंडचा २३ आकडी नंबर, तो दिला की तुमची बँक पैसे कुठे अडकलेत ते शोधू शकते. रिफंड खरा असेल तर हा नंबर निघतोच, देत नसेल तर काय समजायचं ते समजा.

बँकेत तक्रार

आता इथे नीट लक्ष द्या कारण सगळ्यात महागातली चूक इथे होते. ॲपमध्ये किंवा फोनवर पहिला पर्याय येतो, हा व्यवहार मी केलेला नाही. घाईत लोक तो दाबतात. तो फ्रॉडचा पर्याय आहे. तो दाबला की कार्ड ब्लॉक होतं, वेगळी चौकशी सुरू होते, त्यात दिसतं की तुम्हीच ऑर्डर केली आणि माल तुमच्याच घरी आला, आणि केस तिथेच संपते. शिवाय ते खोटं विधान होतं. तुम्हाला हवा तो पर्याय म्हणजे वस्तू वर्णनाप्रमाणे नाही किंवा दुकानदाराशी वाद, अशा नावाचा काहीतरी असतो. सापडला नाही तर कस्टमर केअरला फोन करून स्पष्ट म्हणा, मला फ्रॉड नाही, मर्चंट डिस्प्युट टाकायचाय, कारण वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. या शब्दांत बोललात की बहुतेक वेळा फोन बरोबर डिपार्टमेंटला जातो.

फोनवरचा माणूस हमखास म्हणतो, मॅडम तुम्ही स्वतः ओटीपी टाकलाय, आता काही करता येणार नाही. शांतपणे सांगा की ओटीपीने व्यवहार मीच केला एवढंच सिद्ध होतं आणि ते मी नाकारत नाहीच, माझी तक्रार मालाबद्दल आहे. ओटीपीचा मुद्दा फ्रॉडच्या कारणांत लागू होतो, मालाच्या वादात नाही. तरी ऐकलं नाही तर तक्रार लेखी टाका आणि नकारही लेखी मागा. लेखी नकार मागितला की बऱ्याचदा तक्रार घेतली जाते, हा माझा अनुभव आहे.

स्टेटमेंटवरचं नाव नीट बघून लिहा. तिथे दुकानाचं नाव नसून कधी गेटवेचं, म्हणजे दुकानाच्या वतीने ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचं, किंवा भलत्याच कंपनीचं असतं. आणि तुम्ही कार्डाने आधी वॉलेट भरलं आणि मग वॉलेटमधून वस्तू घेतली असेल तर अडचण आहे, कार्डाच्या दृष्टीने वॉलेट भरलं गेलं म्हणजे सेवा मिळाली. तिथे वॉलेटवाल्याच्याच तक्रार व्यवस्थेत जावं लागतं. म्हणून नवीन सेलरकडून काही घ्यायचं तर मी थेट कार्डच वापरते.

तक्रारीचं पत्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. वर व्यवहाराची तारीख, रक्कम, स्टेटमेंटवरचं नाव. मग तारखांची सरळ ओळ, कधी ऑर्डर केली, कधी मिळाली, कधी सेलरला कळवलं, त्याने काय म्हटलं, कधी परत दिली किंवा द्यायला तयार असल्याचं कळवलं. मग फरक, आणि हा फरक दोन बाजूंत मांडा, पानावर काय होतं आणि हातात काय आलं, प्रत्येकासमोर फोटोचा नंबर. माझ्या दुसऱ्या तक्रारीत फरकाच्या तीनच ओळी होत्या: वजन १२० लिहिलं ९० छापलं, फोटो एक आणि दोन. कंबरेचा आधार हलतो लिहिलं, शिवलेला आहे, फोटो तीन आणि व्हिडिओ. दांड्या उंचीला बदलतात लिहिलं, स्क्रूने पक्क्या आहेत, फोटो चार. पाठ किती दुखली ते मी काढून टाकलं. वाईट वाटलं काढताना, पण ते वाचून निर्णय घेणारं तिथे कुणी नसतं.

फोटोंना नावं द्या, पुरावा १, पुरावा २ असं, आणि शक्य असेल तर सगळं एकाच पीडीएफमध्ये बांधा. चाळीस स्क्रीनशॉट सुटे पाठवले तर वाचणारा पहिले पाच बघतो. परक्या भाषेतली चॅट असेल तर बाजूला अर्थ लिहा.

रक्कमही बरोबर मागा. पाच वस्तू घेतल्या आणि एकच चुकीची आली तर त्या एकीचीच रक्कम मागायची. पूर्ण बिल मागितलं की सेलरला उत्तर द्यायला सोपं जातं.

तक्रार टाकल्यावर काय होतं

काही बँका लगेच रक्कम कार्डात जमा दाखवतात. ती तात्पुरती असते, केस हरलात तर परत वजा होते, त्यामुळे ती आली म्हणून वस्तू फेकून देऊ नका आणि निकाल लागला असंही समजू नका. काही बँका शेवटपर्यंत काहीच जमा करत नाहीत. मधल्या काळात बिल भरायचं की नाही हे बँकेला लेखी विचारा, वादातली रक्कम वगळता येते का, तिच्यावर व्याज लागेल का. वादात नसलेली बाकीची रक्कम मात्र वेळेवर भराच, एका खुर्चीपायी लेट फी आणि क्रेडिट स्कोअर कशाला घालवायचा.

ईएमआयवर घेतलं असेल तर आणखी एक पायरी असते. रिफंड आला तरी ईएमआय आपोआप बंद होईलच असं धरून चालू नका, बँकेला वेगळं कळवून तो रद्द करून घ्या आणि तोवर कापलेल्या व्याजाचं काय ते विचारा. परदेशी चलनात घेतलं असेल तर रिफंड त्या दिवशीच्या दराने येतो, थोडा कमी-जास्त. मिळालेले रिवॉर्ड पॉइंट परत जातात.

सेलरला उत्तर द्यायला काही आठवडे मिळतात. त्याने काहीच उत्तर दिलं नाही तर तुम्ही जिंकता, आणि बऱ्याच केसेस अशाच सुटतात. उत्तर दिलं तर बँक ते तुम्हाला पाठवते आणि तुमचं म्हणणं मागते, आणि इथे दिवस फार थोडे असतात, कधी आठ-दहाच. म्हणून तक्रार टाकली की स्पॅम फोल्डर रोज बघत जा. त्याचं उत्तर मुद्द्याला धरून खोडा. माझ्या सेलरने डिलिव्हरीची सही आणि खुर्चीचा सुंदर फोटो पाठवला होता. मी लिहिलं, खुर्ची मिळाली हे मी नाकारतच नाही, पाठवलेल्या कागदांत ९० आणि १२० बद्दल एक शब्द नाही. एवढंच.

यापुढे दोन्ही बँका अडून बसल्या तर प्रकरण नेटवर्ककडे लवादाला जातं, तिथे हरणाऱ्या बाजूला मोठी फी बसते, म्हणून छोट्या रकमेसाठी बँका तिथवर जात नाहीत. तुमची बँक म्हणाली की आम्ही पुढे नेणार नाही, तर चार्जबॅकचा रस्ता तिथे संपतो. कायद्याचा संपत नाही.

कायदा चार्जबॅकपेक्षा वेगळा

चार्जबॅक हा नेटवर्कचा नियम, कायदा नाही. कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ आहे, वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर कार्ड देणारी कंपनी सेलरच्या बरोबरीने जबाबदार धरली जाते, त्यातला थोडासाच भाग कार्डाने भरला असला तरी. तिथे १२० दिवसांचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट, तोही १९७४ चाच, कबूल केल्याप्रमाणे माल मिळाला नाही तर पहिलं बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीला लेखी कळवायचं, आणि तक्रार चालू असेपर्यंत वादातली रक्कम अडवून ठेवता येते. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, म्हणजे वर मी ज्याला चार्जबॅक नाही म्हटलं त्या नावडलेल्या वस्तूलाही तिथे रस्ता आहे. भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, त्यांत वस्तू सदोष, नकली किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर सेलर परत घ्यायला नकार देऊ शकत नाही असं सरळ लिहिलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि बँकेनेच तुमची तक्रार नीट हाताळली नाही, ३० दिवस उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

सेलरला आणि बँकेला लिहिताना तुमच्या देशातलं हे कलम एका ओळीत टाका. धमकी म्हणून नाही, पण तुम्हाला माहितीय हे त्यांना कळू दे, सूर लगेच बदलतो.

पैसे मिळाल्यावर वस्तूचं काय

हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. पैसे परत आले तरी वस्तू तुमची होत नाही. सेलरने अजून उचलली नसेल तर ती नीट पॅक करून ठेवा, वापरू नका, विकू नका, आणि त्याला एक ईमेल टाका की वस्तू तयार आहे, अमुक तारखेपर्यंत घेऊन जा. चार्जबॅक झाल्यावरही सेलर पुढे दावा करू शकतो आणि तेव्हा हाच ईमेल तुमच्या बाजूने बोलतो. माझी खुर्ची दोन महिने गॅलरीत प्लॅस्टिक गुंडाळून उभी होती. दोन ईमेल गेले, तिसऱ्याला उत्तर आलं की आम्हाला नको, तुम्ही तुमचं बघा. तो ईमेल प्रिंट काढून फाइलला लावला आणि मगच खुर्ची एका गरजू माणसाला दिली, स्टिकर दाखवून, ९० किलोच्या वर बसू नका असं सांगून.